मार्फत

जिलानीभाईच्या केबल ऑफिसात, उमरग्याला,
कपाटाएवढ्या खोलीत मी आणि एक पंखा.
पंखा माझ्यासाठी नाही, राऊटरसाठी.
रात्री साडेबारानंतर, गिऱ्हाईक झोपलं
की आम्ही पत्ते बदलतो.

जुना पत्ता सोपा. चार आकडे, मधे टिंब.
सिद्रामप्पाला सगळे पाठ.
बायकोचा मोबाईल नंबर विचारू नका,
पण बसस्टँडमागच्या डब्याचा पत्ता
झोपेतून उठवून विचारा.

आकडे संपले.
सगळ्या जगात मिळून चारशे एकोणतीस कोटी
पुरतील असं कुणाला तरी वाटलं होतं.
मग एका पत्त्यावर आख्खी गल्ली कोंबली आम्ही,
मार्फत.
पूर्वी पत्रं यायची तशी:
मार्फत गुरुलिंग किराणा, आणि मागं चाळीस घरं.

गेल्या महिन्यात त्यातल्याच एका पोरानं
कुठंतरी काहीतरी उद्योग केला,
पलीकडच्यांनी पत्ताच अडवला,
आणि महानंदा बिराजदारचा नर्सिंगचा फॉर्म
शेवटच्या तारखेला, अकरा बावन्नला, अडकून बसला.
'मी काय केलं, दादा?'
काही नाही, बाई. तू त्या गल्लीत राहतेस, एवढंच.

नवा पत्ता लांबलचक.
आठ तुकडे, मधे विसर्गासारखी टिंबं,
आकड्यांत घुसलेली इंग्रजी अक्षरं.
सिद्रामप्पा म्हणतो, 'ह्यो पत्ता हाय का शिवी?'
पण आता मार्फत नाही.
महानंदाच्या फोनला वेगळा, तिच्या भावाच्या टीव्हीला वेगळा,
शेतातल्या बोअरच्या स्टार्टरलासुद्धा
स्वतःचा, पूर्ण पत्ता.
शून्यांची रांग लागली तर
दोन विसर्ग जोडून ती गिळता येते,
एका पत्त्यात एकदाच.
दुसऱ्यांदा गिळलं
तर कुठं किती गेले, हिशेब लागत नाही.

हे मला शिकवावं लागलं नाही.
आमचं गाव त्र्याण्णवला सरकलं,
ओढ्यापासून दोन किलोमीटर वर, माळावर.
मी पत्र्याच्या शेडात जन्मलो, भूकंपानंतर आठ महिन्यांनी.
पुढं सरळ रस्ते आले, प्लॉट नंबर आले,
चिठ्ठ्या टाकून शेजारी मिळाले.
गोदाक्का मात्र रोज संध्याकाळी
काटेरी बाभळीतून खाली जायची,
जिथं उंबरा होता तिथं दिवा लावून यायची.
रेशन वरच्या गावात, देव खालच्या गावात.
कंपनीच्या पुस्तकात याला ड्युअल स्टॅक म्हणतात:
जुनं नवं दोन्ही चालू ठेवा.
जुनं बंद कधी करायचं
ते पान मला अजून सापडलेलं नाही.

एक चाळीसला पहिलं घर नव्यावर येतं.
पत्ता घेण्याआधी यंत्र आजूबाजूला विचारतं:
या पत्त्यावर कुणी आहे का?
सेकंदभर थांबतं.
उत्तर आलं नाही, म्हणजे जागा मोकळी,
मग ते तिथं राहायला जातं.
नियमच आहे तसा.

बापानंही विचारलं होतं,
कुणी हाय का,
पहाटे, कंदील धरून, दगडांना.
ऊन डोक्यावर येईपर्यंत विचारत होता.
पुढचं त्यानं कधी सांगितलं नाही.
दोन विसर्ग.

'काय करूलालास, दाब की,' सिद्रामप्पा जांभई देतो.
दाबायचं काही नसतं, ते आपलं आपण होतं.
मी नुसता तो सेकंद बघत बसतो.

बिराजदारांच्या डब्यावरचा दिवा हिरवा झाला.
सिद्रामप्पानं वहीत नवा पत्ता उतरवला,
एक अक्षर चुकलं, खोडलं, परत लिहिलं.
जुना मी काढला नाही.
दोन्ही चालू आहेत.